लाल पंचा

नोएडातल्या माझ्या पाळणाघराच्या मागच्या अंगणात आठ फूट लांब, सहा फूट रुंद असा एक हौद आहे. त्यात बदरपूर भरलेलं असतं. दिल्लीकडचे गवंडी जाडसर, तांबूस वाळूला बदरपूर म्हणतात. बारीक रेती मुलांच्या डोळ्यांत जाते, म्हणून मी मुद्दाम जाडी मागवते आणि दोनदा धुऊन, चाळून मगच हौदात टाकते. सतरा वर्षं हे पाळणाघर चालवते आहे. सकाळी आईच्या खांद्यावरून उतरायला तयार नसलेलं मूल मी उचलते आणि थेट त्या वाळूत नेऊन बसवते. पाच मिनिटांत त्याचे हात कामाला लागतात आणि रडणं थांबतं. खेळण्यांचं कपाट भरलेलं आहे, पण या हौदाची सर कशालाच नाही.

दर वर्षी दिवाळी सरली की तो हौद ताडपत्रीखाली जातो. २०२४ चा नोव्हेंबर फारच वाईट गेला. १८ तारखेला दिल्लीचा हवा निर्देशांक ४९० च्या वर होता. ‘ग्रॅप’ या प्रदूषण रोखण्याच्या आराखड्याचा चौथा टप्पा लागू झाला, शाळा ऑनलाइन झाल्या. मोठी मुलं निदान पडद्यासमोर तरी बसतात. दीड-दोन वर्षांच्या मुलानं काय करायचं? खिडक्या बंद, दाराच्या फटीला ओला टॉवेल, कोपऱ्यात हवा शुद्ध करणारं यंत्र आणि एका खोलीत अकरा मुलं. दुपारी झोपलेल्या मुलाच्या छातीला कान लावला की आतून मांजर घुरघुरावं तसा आवाज येतो. माझ्या कपाटात त्या महिन्यात तीन नेब्युलायझर होते, प्रत्येकावर त्या त्या मुलाच्या नावाची चिठ्ठी.

आदल्या वर्षी अशाच दिवसांत एक आई मला म्हणाली होती, “आंटी, आप तो अपने गाँव चली जाती हैं, हमें भी ले चलिए.” माझं माहेर रत्नागिरीजवळच्या भाट्याचं. घरामागे माड, त्यापलीकडे सुरूचं बन आणि बन संपलं की समुद्र. तिचं बोलणं मी मनावर घेतलं. ऑगस्टमध्येच कालनिर्णय काढून बसले आणि नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्याची तिकिटं काढली. कालनिर्णय का, ते पुढे सांगते.

तीन कुटुंबं निघाली. अडीच वर्षांच्या जुळ्या मुली, तीन वर्षांचा एक मुलगा आणि सगळ्यांत धाकटा वीस महिन्यांचा. शिवाय नऊ वर्षं माझ्याबरोबर काम करणारी मदतनीस. ती बिहारची, नुकतीच छठ करून परतली होती. तिला मी आधीच सांगून ठेवलं होतं की तुझी चार वर्षांची पोरगी बरोबर येणार असेल तरच तू यायचंस. १९६९ साली दिल्लीत राजघाटाजवळच्या बांधकामावर मजूर बायांची मुलं मातीत पडलेली पाहून मीरा महादेवन यांनी तिथंच पाळणाघर सुरू केलं, त्यातून ‘मोबाइल क्रेशेस’ ही संस्था उभी राहिली. या कामात शिरताना मी ती हकीकत वाचली होती. दुसऱ्याचं मूल सांभाळणाऱ्या बाईचं मूल कुणाकडे असतं, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या मानेवर बसलेला आहे. म्हणून मुलं पाच झाली, आणि ते फार बरं झालं.

निघण्याआधी मी सगळ्या आईबापांना बसवून एकच गोष्ट सांगितली. आपण सहलीला चाललेलो नाही, आपण पाळणाघर उचलून समुद्राकाठी नेतो आहोत. सकाळी सातला जे पोटात जातं ते सातलाच जाईल, साडेबाराला जेवण, एक ते तीन झोप. समुद्र या वेळांच्या मधल्या फटीत बसेल तेवढाच. तीन वर्षांखालच्या मुलाला नवी जागा चालते, नवं माणूस चालतं, पण दोन्ही बदललं आणि वर झोपेची वेळही बदलली तर ते कोसळतं. मग आईबाप म्हणतात, मूल चिडकं झालंय. मूल चिडकं झालेलं नसतं, त्याच्या पायाखालची फळी काढून घेतलेली असते. म्हणून ज्याची त्याची उशी, ज्याचं त्याचं दुपटं, नाचणीचं सत्त्व, मेतकुटाचा डबा आणि जुन्या स्टीलच्या वाट्या-चमचे एवढंच सामान मी घ्यायला लावलं. बाजारातल्या प्लॅस्टिकच्या बादल्या-फावडी कुणालाही घेऊ दिली नाहीत.

गोव्याला विमानानं अडीच तासांत पोचता येतं, हे मला सगळ्यांनी सांगून झालं होतं. तरी मी मंगला एक्स्प्रेसचाच हट्ट धरला. विमानात लहान मुलाला जागेवर बांधून ठेवावं लागतं. गाडीत त्याला चालता येतं, आणि चालणं हेच त्या वयाचं मुख्य काम. पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट लागत नाही, पण त्याला बाकही मिळत नाही. २०२२ च्या मे महिन्यात रेल्वेनं लखनौ मेलमध्ये आईच्या बाकाला जोडायचा तान्ह्या मुलाचा छोटा बाक करून पाहिला होता. आमच्या डब्यात तसं काही नव्हतं. मग खालच्या बाकाच्या कडेला चादरींची जाड गुंडाळी करून बांध घातला, मुलं भिंतीकडून निजवली. मदतनीस आणि मी आळीपाळीनं जाग्या राहिलो.

१९९६ साली लग्न होऊन मी दिल्लीला आले, तेव्हा माहेरी जायचं म्हणजे आधी मुंबई आणि मग रत्नागिरीची रातराणी एसटी. घाटात पोटातलं सगळं बाहेर यायचं. २६ जानेवारी १९९८ ला कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली आणि माझं माहेर एकदम जवळ आलं. उक्षी मागे पडलं की करबुड्याचा बोगदा लागतो, साडेसहा किलोमीटरचा, या मार्गावरचा सगळ्यांत लांब. डब्यात अंधारून आलं, आवाज बदलला, तेव्हा जुळ्यांपैकी एकीनं माझा पदर घट्ट धरला. मी म्हटलं, “बोगदा.” तिनं तो शब्द तोंडात घोळवला, “बोग्-दा.” बाहेर उजेड पडला तेव्हा दोघी हसत होत्या. नंतर आठ दिवस घरातल्या प्रत्येक अंधाऱ्या जागेला, अगदी पलंगाखालच्याही, त्या बोगदाच म्हणत.

स्टेशनवर दादा दोन रिक्षा घेऊन उभा होता. घरी वहिनीनं सगळ्यांना ओटीवर बसवलं, मुलांच्या पायांवर पाणी घातलं आणि मला आत बोलावून विचारलं, “वन्सं, एवढी पोरं आणलीत, पण त्यांच्या आयांना कोण सांभाळायचं?” अनुभवाचं बोलणं होतं ते. पहिल्या दिवशी मुलांची काही अडचण आली नाही. आईबापांना धीर निघत नव्हता. एवढं दोन हजार किलोमीटर आलो आणि अजून समुद्र दाखवत नाही म्हणजे काय? मी त्या दिवशी कुणालाच वाळूवर जाऊ दिलं नाही. मुलं ओटीवर खेळली, जेवली, झोपली. रात्री निजानीज झाल्यावर सुरूच्या पलीकडून गाज ऐकू यायला लागली. तिची ओळख आधी कानाला व्हावी, एवढाच माझा हेतू होता. दिल्लीच्या मुलाला मोठा, न थांबणारा आवाज म्हणजे रस्ता. त्या आवाजाकडे जायचं नसतं, असं आम्हीच त्याला शिकवलेलं असतं.

दुसरा दिवस २३ नोव्हेंबरचा. विधानसभेचा निकाल होता, अख्खं गाव टीव्हीसमोर. किनारा रिकामा. कार्तिक वद्य अष्टमी होती, आणि याचसाठी मी ऑगस्टमध्ये कालनिर्णय पाहिलं होतं. आमच्याकडे लहान पोरालाही हिशेब येतो, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. अष्टमीला सहा वाजता भरती, म्हणजे दुपारी बाराला पूर्ण ओहोटी. शिवाय अष्टमीची भरती भांगाची. पाणी फार वर चढत नाही, फार खाली जात नाही, ओढही कमी. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणात लहान मुलाला किनाऱ्यावर नेऊ नये. अष्टमी-नवमीला साडेसात-आठच्या सुमारास पाणी हळूहळू मागे सरकत असतं आणि ओल्या, घट्ट वाळूचा पट्टा रुंदावत जातो. भाट्याच्या उत्तर टोकाला काजळी नदी समुद्राला मिळते. त्या खाडीच्या मुखाकडे पाणी कधी ओढेल ते सांगता येत नाही, म्हणून तिकडे पाठ करून आम्ही दक्षिणेला, झरी विनायकाच्या बाजूला गेलो.

आईबापांनी फोन काढून तयार ठेवले होते. मुलं समुद्र पाहतील, आनंदानं ओरडतील, धावत सुटतील. तसं काहीच झालं नाही. धाकट्यानं ओल्या वाळूला पाय लागताच दोन्ही पाय पोटाशी घेतले आणि बापाच्या कमरेला विळखा घातला. तीन वर्षांचा मुलगा समुद्राकडे एकदा पाहून पाठ फिरवून उभा राहिला. जुळ्यांपैकी एक रडली. तिची आई माझ्याकडे अशी बघत होती, जणू मी फसवलं तिला. मी तिला म्हटलं, तू खाली बस, बाकी काही करू नकोस. सगळेच बसलो, पाण्यापासून चांगल्या चाळीस पावलांवर. मोठं माणूस बसलं की मुलासाठी जग थोडं लहान होतं.

दहा-बारा मिनिटं गेली असतील. मग त्या चार वर्षांच्या मोठीनं, माझ्या मदतनिसाच्या लेकीनं, जमिनीकडे बोट दाखवलं. एका बारीकशा बिळाभोवती वाळूच्या गोळ्या मांडलेल्या होत्या. ज्वारीच्या दाण्याएवढ्या शेकडो गोळ्या, बिळापासून निघालेल्या ओळींमध्ये, सूर्याच्या किरणांसारख्या. ओहोटी लागली की बोटाच्या नखाएवढे खेकडे बिळाबाहेर येतात, ओली वाळू तोंडात घेऊन तिच्यातलं खाणं शोषून घेतात आणि उरलेल्या वाळूची गोळी करून मागे टाकतात. पावलाची चाहूल लागली की आत. आमच्या लहानपणी आम्ही त्या गोळ्यांवरून धावायचो, फटफट मोडत जायचो. मोठी पालथी पडून बघायला लागली. तिच्या शेजारी तीन वर्षांचा. मग जुळ्या. चौघं पोटावर, नाकं वाळूला टेकलेली, श्वास धरलेला. एक खेकडा आला, त्यानं एक गोळी केली आणि ठेवली. चौघांपैकी कुणीही हललं नाही. माझ्या पाळणाघरात चार मुलं इतका वेळ एका जागी गप्प राहिलेली मी पाहिलेली नाहीत. धाकटा शेवटी बापाच्या कडेवरून आपण होऊन खाली उतरला, त्यानं एक गोळी उचलली, ती बोटात मोडली, आणि तळहाताकडे बघतच राहिला.

त्यांच्यामागे दोन हजार किलोमीटरवरून पाहायला आणलेला अरबी समुद्र होता आणि कुणी मान वळवली नाही. मला त्याचं वाईट वाटलं नाही. आवाक्यात येईल तेवढंच या वयाचं मूल घेतं, आणि जे घेतं ते पूर्ण घेतं. समुद्र फार मोठा आहे. ओली वाळू मात्र त्याच्या मुठीच्या मापाची.

समुद्राकडे बघत होता तो एकच माणूस, धाकट्याचा बाप. तो कानपूरचा, चौतिशीतला, मोठ्या कंपनीत नोकरी. त्यानं आयुष्यात समुद्र पहिल्यांदा पाहिला होता, आणि हे त्यानं आम्हाला कुणालाच सांगितलं नव्हतं. मुलगा खाली उतरल्यावर तो एकटा पाण्यापर्यंत गेला, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून उभा राहिला. परत आला तेव्हा ओठाला बोट लावून म्हणाला, “सचमुच खारा है.” लहान मुलांबरोबरच्या सहलीत मोठ्यांसाठी काही राहत नाही असं म्हणतात. मला ते तितकंसं पटत नाही.

पुढचे दिवसही असेच सुरू व्हायचे. तिथीबरोबर भरती रोज पाऊण तास पुढे सरकायची, तसं आम्ही थोडं उशिरा निघायचो आणि ऊन चढायच्या आत सुरूच्या सावलीत परतायचो. नोव्हेंबरातही रत्नागिरीचं दहानंतरचं ऊन अंगाला लागतं. वाळू, खारं पाणी आणि ओला डायपर एकत्र आले की अर्ध्या तासात मांड्या लाल होतात. म्हणून वाळूवर डायपर काढून साध्या चड्ड्या, घरी आल्याबरोबर विहिरीच्या पाण्यानं आंघोळ आणि मग खोबरेल. स्टीलच्या वाट्यांनी मुलं ओल्या वाळूच्या इडल्या करायची. शिंपले, सुरूची बोंडं, माडाच्या पेंडक्या हीच खेळणी. १९४५ साली ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला, म्हणजे समुद्रकाठच्याच गावी, बालवाडीचं काम सुरू केलं. आसपास सापडणाऱ्या वस्तूंमधूनच त्यांनी शिक्षणाची साधनं उभी केली. प्रशिक्षणात हे मी शिकले होते, परीक्षेतही लिहिलं होतं. पण तीन वर्षांचा मुलगा सुरूची बोंडं एका रांगेत लावून मोठी कुठली, छोटी कुठली हे स्वतःशी पुटपुटताना पाहिला, तेव्हा बोर्डीच का, हे मला नीट कळलं.

आता २५ तारखेचं सांगते. ते सांगितल्याशिवाय हा लेख लिहिण्यात अर्थ नाही.

सोमवार होता. साडेनऊ झाले असतील. पाणी मागे गेलं होतं आणि मध्ये एक उथळ डबकं राहिलं होतं, माझ्या घोट्याच्या थोडं वर पाणी असेल. समुद्रापासून ते लांब होतं म्हणून आम्ही निर्धास्त होतो. किनाऱ्यावर मोठी माणसं आठ आणि मुलं पाच. मी जुळ्यांपैकी एकीच्या पायातला शिंपल्याचा तुकडा काढायला वाकले. वाकताना मी धाकट्याच्या आईकडे पाहिलं. तिला वाटलं मी त्याच्याकडे बघते आहे. मला वाटलं ती बघते आहे. तिचा नवरा फोनवर ऑफिसशी बोलत होता, त्याला वाटलं आम्ही दोघी आहोतच. मान वर केली तेव्हा मला डबक्यात फक्त एक पिवळी चड्डी दिसली. तो पालथा पडला होता. तोंड पाण्यात. आवाज काहीही नाही. हात हलत होते, पण हात टेकले की खालची मऊ वाळू सरकत होती. या वयाच्या मुलाचं डोकं अंगाच्या मानानं जड असतं, पालथं पडलं तर ते त्याला उचलता येत नाही.

मी सहा-सात पावलांत पोचले. उचललं, पालथं धरलं, पाठीवर थोपटलं. तो खोकला, पाणी ओकला आणि मग रडला. ते रडणं मी जन्मभर विसरणार नाही, कारण तो रडेपर्यंत माझ्या कानांत काही शिरत नव्हतं. किती वेळ गेला असेल? चार सेकंद, सहा सेकंद. लगेच रत्नागिरीत डॉक्टरांकडे नेलं, त्यांनी छाती तपासली, दिवसभर श्वासावर लक्ष ठेवायला सांगितलं. काही झालं नाही. संध्याकाळी तो नेहमीसारखा मऊभात खाऊन झोपला.

मी झोपले नाही. सतरा वर्षांत माझ्या हातून एकही मूल असं निसटलं नव्हतं. पाळणाघरात आम्ही तिघी अकरा मुलांना सांभाळतो, आणि इथे आठ मोठ्यांच्या मध्ये एक मूल पाण्यात तोंड घालून पडलं. रात्रभर विचार करून मला एवढंच दिसलं की माणसं आठ होती म्हणूनच ते घडलं. एकटी असते तर मी त्याच्याकडे पाठ करून वाकलेच नसते. बुडणारा माणूस ओरडतो, हात वर करतो, असं आपण सिनेमात पाहिलेलं असतं. लहान मूल तसं काही करत नाही. ते गप्प राहतं. जागतिक आरोग्य संघटनेचा बुडण्यासंबंधीचा अहवाल त्यानंतर तीनच आठवड्यांत, डिसेंबर २०२४ मध्ये आला. जगात वर्षाला सुमारे ३ लाख माणसं बुडून मरतात आणि त्यांतला जवळपास चौथा हिस्सा पाच वर्षांखालच्या मुलांचा असतो. तो आकडा वाचताना मला ती पिवळी चड्डी दिसत होती.

सकाळी ओटीवर शेजारचे तात्या येऊन बसले. ते मिरकरवाड्याच्या एका बोटीवर तांडेल होते, आता हातपाय थकले म्हणून घरी असतात. दादानं त्यांना कालचं सांगितलं. ते माझ्यावर रागावले नाहीत. थोडा वेळ गप्प राहून म्हणाले, “बोटीवर दहा माणसं असली तरी सुकाणू एकाच्याच हातात. दुसऱ्याला द्यायचं तर त्याच्या हातात देऊन तोंडानं सांगायचं, ‘घे’. त्यानं ‘घेतलं’ म्हटल्याशिवाय आपण उठायचं नाय.” मग खांद्यावरचा लाल पंचा काढून त्यांनी माझ्या हातात दिला. “हा ज्याच्या खांद्यावर, पोरं त्याची.”

त्या दिवसापासून आम्ही तसंच केलं. पंचा ज्याच्याकडे असेल त्यानं फोन घरी ठेवायचा, बसायचं नाही, गप्पा मारायच्या नाहीत, कुणाच्या पायातला काटा काढायचा नाही. पाण्याजवळच्या मुलापासून हातभर अंतरावर राहायचं. पाळी वीस मिनिटांची, कारण त्याहून जास्त वेळ नजर तशी टिकत नाही. देताना “घे”, घेताना “घेतलं”. बापांना सुरुवातीला संकोच वाटला. दुसऱ्या दिवशी सगळ्यांत कडक पहारा धाकट्याच्या बापाचा होता. आणि एक गोष्ट मला अपेक्षित नव्हती: बाकीच्या सात जणांना खरीखुरी सुटी मिळाली. पंचा दुसऱ्याच्या खांद्यावर आहे म्हटल्यावर जुळ्यांची आई सुरूखाली चटई टाकून चक्क झोपली. अडीच वर्षांत दिवसाउजेडी पहिल्यांदाच झोपले, असं ती म्हणाली.

उरलेल्या दिवसांबद्दल फार सांगण्यासारखं नाही. झाडगावच्या मत्स्यालयात व्हेलचा सांगाडा पाहायला गेलो, तिथे मुलं माशांपेक्षा पाण्यातल्या बुडबुड्यांपाशीच जास्त रमली. गणपतीपुळ्याला दर्शन घेतलं, पण तिथल्या पाण्यात कुणाला पाऊल टाकू दिलं नाही. तिथे माणसं बुडाल्याच्या बातम्या आमच्याकडे नव्या नाहीत. पाण्यात डुंबायचीच हौस असेल तर गोव्यात २००८ पासून ‘दृष्टी’चे जीवरक्षक किनाऱ्यांवर उभे असतात, तिथे जावं. मात्र जीवरक्षक असला तरी पंचा आपल्याच खांद्यावर हवा. शेवटी अमावास्या जवळ आली तसं पाणी सकाळी दहा-साडेदहाला सुरूच्या बांधापर्यंत चढायला लागलं, आम्ही खेळ संध्याकाळवर नेला. २९ तारखेला सूर्य बुडताना धाकटा माझं बोट धरून पाण्याच्या कडेला उभा राहिला. लाट येऊन पावलांवरून गेली, पायाखालची वाळू सरकली. त्यानं माझ्याकडे पाहिलं, रडला नाही. “पानी गया,” म्हणाला. पुढची लाट आली. “पानी आया.” किती वेळ ते चाललं, सांगता येणार नाही. पंचा तेव्हा माझ्या खांद्यावर होता.

१ डिसेंबरला परत आलो. भाट्याला होतो तेवढ्या दिवसांत एकही नेब्युलायझर काढावा लागला नव्हता. नोएडात पोचल्यापासून तिसऱ्या रात्री त्यांतला एक पुन्हा लावावा लागला. आठवडाभराच्या चांगल्या हवेनं फुप्फुसं बरी होतात अशी माझी समजूत नाही, आणि ज्यांना असं जाता येत नाही त्या मुलांसाठी ही हवाच बदलायला हवी, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. माझ्या अकरांपैकी सात मुलं त्या आठवड्यात बंद खोलीतच होती.

फेब्रुवारीत हवा निवळली तेव्हा हौदावरची ताडपत्री निघाली. मोठीनं आल्या आल्या बदरपुरावर तांब्याभर पाणी ओतलं आणि पालथी पडून बिळं शोधायला लागली. तिच्या बाजूला तीन वर्षांचा. तात्यांचा लाल पंचा मागच्या दाराच्या खिळ्याला असतो. मुलं हौदापाशी असतील तेव्हा तो आमच्या तिघींपैकी एकीच्या खांद्यावर असतो, आणि खिळ्यावर असेल तेव्हा ते दार बंद असतं.